बँकेच्या पायरीवरची आत्या

आमच्या आत्याला धडधाकट भाऊ होता, तरी भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. कुणी टोकलं तर म्हणायची, "ज्यानं लेकरू टाकलं, तो माझा भाऊ न्हाई."

तो भाऊ म्हणजे माझे वडील. मी चौथीत असताना त्यांनी निलंग्याकडं दुसरा संसार मांडला. विधवा आत्या मात्र आईजवळच राहिली. कोर्टानं पोटगी लावून दिली, वडिलांनी छदाम दिला नाही. पकडवॉरंट निघायचं आणि "मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत यायचं. माझी बारावी झाली, नांदेडच्या कॉलेजात नंबर लागला, आणि फीला घरात काहीच नव्हतं.

चावडीवर लागलेली प्रत्येक यादी आत्या बोट ठेवून सावकाश वाचायची. त्या वर्षी अतिवृष्टीच्या अनुदानाच्या यादीत वडिलांचं नाव होतं. खात्याला आधार जोडलेलं नसल्यानं त्यांचे पैसे अडकले होते आणि खातं इथल्याच हिमायतनगरच्या बँकेत होतं. आत्या हसतच घरी आली. "आता येतो बघ. पैसा पाहिजे म्हणल्यावर अंगठा स्वतःचाच लागतो. कापून पाठवता येत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती भाकरी बांधून बँकेच्या पायरीवर बसू लागली. पिशवीत वॉरंटची झेरॉक्स, मोबाईलमध्ये पोलीस जमादाराचा नंबर. शिपाई वैतागायचा, "आजी, तुमचं काम काय हाय?"

"पाहुणा यायचाय."

नवव्या दिवशी वडील आले, तोंडाला रुमाल बांधून. मी आत्यासोबत होते. मला वाटलं, आत्या तिथंच झडप घालील. तिनं त्यांना आत जाऊ दिलं, अंगठा लावू दिला. अनुदान खात्यात पडलं की आईचा वकील तेही जप्त करवणार होता. मगच तिनं फोन लावला.

जमादारानं दंड धरला तेव्हा वडील म्हणाले, "आक्का, सख्ख्या भावाला धरून देऊन राहिलीस?"

"तू तुझ्या पायानं आलास. लेकरासाठी आला असतास तर गूळपाणी दिलं असतं."

कोठडीच्या भीतीनं त्यांनी थकलेली पोटगी भरली. माझी फी त्यातूनच गेली. भावकीनं आत्याला लग्नकार्याला बोलावणं बंद केलं. "बरं झालं, आहेर वाचला," ती म्हणाली. पण लग्नसराईत वाजंत्री ऐकू आली की ती दार लावून घ्यायची.

मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. नोकरी लागली, त्याच वर्षी आत्या गेली. वडील माहेरची साडी घेऊन दारात आले. रडत होते, खरंच रडत होते. मी साडी घेतली नाही. मीच म्हणाले, "आईची तीन महिन्यांची पोटगी राहिलीय. ती भरा, मग आत या."

बाया कुजबुजल्या, "आज तरी सोड गं पोरी."

आत्यानं सोडलं नसतं. ती माझ्या पगाराच्या साडीत गेली, वडिलांच्या समोरून.