फ्रीव्हीलचा पाना

धाकट्याच्या दुकानातून हातोडीचा आवाज आला की आई हातातलं काम थांबवून कान द्यायची. आवाज थांबला की उठूनच उभी राहायची. चालू असताना वाटे, आता काहीतरी उडेल. थांबला की वाटे, उडालंच. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधल्या दाराला तिने पडदा लावला होता. म्हणायला धुळीसाठी, खरं तर चोरून बघता यावं म्हणून.

धाकटा चालायच्या आधी सायकलचं चाक फिरवायला शिकला होता. कॉलेजात असताना वडील आजारी पडले, पुस्तकं माळ्यावर गेली आणि तो दुकानात बसला तो बसलाच. थोरला तोवर नव्या सायकली विकायला लागला होता. वडील गेले, वाटण्या झाल्या. दुकान धाकट्याला मिळालं आणि हत्यारांची पेटी ‘आठवण म्हणून’ थोरल्याने नेली.

त्या पेटीत एक पाना होता. सायकलच्या मागच्या चाकावरची दातेरी चकती, म्हणजे फ्रीव्हील, काढायचा. पाना तिच्या खाचांत बसवायचा, व्हाइसच्या, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्याच्या, जबड्यात आवळायचा आणि वरून अख्खं चाक फिरवायचं, की फ्रीव्हील शाबूत सुटतं. जुन्या सायकलींच्या खाचांना बाजारातला पाना बसत नाही, म्हणून वडिलांनी तो स्वतः कानशीने घासून बनवला होता. धाकट्यानेही एक बनवून पाहिला. पहिल्याच हिसक्याला त्याचे दात वाकले.

“मागून घे की रे,” आई म्हणायची.

“त्याने द्यावा. हात आहेत ना त्याला?”

फोनवर थोरला म्हणायचा, “त्याने मागावा. तोंड आहे ना त्याला? आणि आई, तू यात पडू नकोस.”

पाना थोरल्याच्या शोरूममध्ये काचेच्या कपाटात, वडिलांच्या फोटोखाली पडून होता. कपाट रोज पुसलं जायचं.

मग धाकटा फ्रीव्हील फोडूनच काढू लागला. तोंडावरच्या झाकणाला दोन बारीक भोकं असतात. त्यात पंच, म्हणजे टोकदार पोलादी दांडी, टेकवायचा आणि उजवीकडे ठोकायचं, कारण आटे उलटे. झाकण सुटलं की छर्रे सांडतात, वरची दातेरी कडी निघते, आतला गाभा उरतो. तो व्हाइसमध्ये धरून चाक पिळायचं. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, वाचतो; फ्रीव्हील जातं. गल्लीने त्याचं नाव ‘ठोक्या’ ठेवलं. तो हसायचा. “बाबा सोडवायचे, मी फोडतो. घराणं एकच!”

वर्तमानपत्रं वाटणाऱ्या एजन्सीच्या सगळ्या सायकली जुन्या. एजन्सीवाले काका वडिलांच्या वेळचे गिऱ्हाईक, दुकान त्यांच्यावरच चालायचं. “तुझ्या बाबांनी काढलेलं फ्रीव्हील परत बसवता यायचं रे,” ते कुरकुरायचे. “तू तर एकेकाचा मुडदाच पाडतोस.” पण यायचे.

परवा सकाळी थोरल्याचा फोन आला. दुकान मला विकून टाक, माझ्याकडे नोकरीला ये, पाना तुझ्या हातात देतो, म्हणाला. धाकट्याने फोन आपटला आणि समोरचं चाक ओढलं. रिम पार चेपलेली, वाचवायचा होता फक्त हब. रागाच्या भरात त्याने सगळे स्पोक कापून टाकले. शेवटचा कापल्यावर त्याच्या लक्षात आलं. फ्रीव्हील सुटेपर्यंत स्पोकला हात लावायचा नाही, ही वडिलांची पहिली शिकवण. जोर लावायला चाक हीच मूठ. आता हब नुसताच तळहातावर, आणि पिळायचं कशाला धरून?

खरं तर तो हब तिथेच फेकून द्यायला हवा होता. धाकट्याने छिन्नी घेतली. डोळे वाचवायला आईने आणलेला चष्मा खिळ्यालाच राहिला. घामाने धुरकट होतो, ही त्याची सबब.

आवाज थांबला. आईने पडदा सारला. तो डोळ्यावर हात दाबून उभा होता. “काही नाही गं, कचरा गेला.”

कचरा नव्हता, पोलादाची कपची होती. डॉक्टरांनी ती काढली. “केसभर आत असती तर डोळा गेला होता,” म्हणाले, आणि मग आईकडे वळून, “हे काम बंद करा असं मी सांगणार, आणि हे ऐकणार नाहीत. हो ना?”

आज दुपारी तो पट्टी बांधून पुन्हा दुकानात बसला. एका डोळ्याने अंतर कळेना. बोटाने भोक चाचपायचं, तिथे पंच टेकवायचा, ठोकायचं. दोनदा हातोडी अंगठ्यावरच बसली.

“अरे, आज तरी राहू दे.”

“एक डोळा मिटला की नेम चांगला लागतो, आई. शिकाऱ्यांना विचार.”

ती हसली नाही. “चष्मा तरी घाल.”

“पट्टीवर? माकड दिसेन.”

“बरं, मग ही कामं नाही म्हण.”

“म्हणजे सगळं त्याच्या घशात? तेच हवंय त्याला.”

“आणि तुला काय हवंय?”

धाकट्याने पंच पुन्हा उचलला. तो भोक चाचपत राहिला.

ती आत येऊन खाटेवर बसली. थोरला देणार नाही, धाकटा मागणार नाही. दोघांच्या हाताखांद्यांत वडील पुरेपूर उतरले होते; त्यांचा समजूतदारपणा मात्र कुणीच उचलला नव्हता. ही पोरं जागची हलणार नव्हती. हलवता येणार होत्या त्या काकांच्या सायकली, पाना होता तिथे. काकांनी काम थोरल्याकडे नेलं तर हे दुकान वर्षभरही टिकणार नाही. थोरला म्हणेल, मी सांगतच होतो. धाकट्याला कळेल की आपल्या पोटावर पाय आईनेच दिला, आणि तो तिच्याशी बोलणं टाकेल. टाकू दे. दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे रागाने बघता आलं, तरी तिला पुरे होतं.

तिने मधलं दार लावून घेतलं आणि एजन्सीवाल्या काकांचा नंबर काढला.