पाय पुसा, मुडद्यांनो

नाही गं देविका, खोड ते. ‘माझी जाऊ चंद्रप्रभा स्वभावाने अत्यंत प्रेमळ आहे’ असं मी म्हटलं का? मी म्हटलं ती गरीब आहे. पैशानं नव्हे, पैसा तिच्याकडे आमच्याहून जास्तच. गरीब म्हणजे गाय. मी बोलते तसंच लिही, तुझं काही घालू नकोस. तिच्या पंच्याहत्तरीला तिच्या नातीनं, सलोनीनं, वही काढलीय ना, ज्यानं त्यानं आजीबद्दल एकेक पान लिहायचं म्हणून? बाकीचे लिहितील गोडगोड. माझं पान जरा आंबट होऊ दे.

हं, लिही. चंद्रप्रभा लग्न होऊन आमच्या घरात आली ती बांगलादेशच्या लढाईच्या वर्षी. खिडक्यांना काळे कागद लावलेले, रात्री दिवा लावायचा नाही, त्यामुळे नव्या नवरीचं तोंड मी नीट पाहिलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. दिल्लीत सरोजिनीनगरचा सरकारी क्वार्टर, दीड खोली. तुझे आजोबा, मी, आमची तीन पोरं, सासूबाई, विनायकभावजी आणि आता ही. सासूबाई म्हणाल्या, धाकटी दहावी शिकलीय हो. मी तर शाळेची पायरी चढले नव्हते. तेव्हाच पोटात जरासं दुखलं माझ्या. पण मग कळलं की हिला तोंडच नाही, आणि दुखायचं थांबलं.

बाई इतकी भित्री, इतकी भित्री, की बसमध्ये आपला स्टॉप आला तरी ‘रोको’ म्हणायची नाही. दोन स्टॉप पुढे दुसरं कोणी उतरलं की त्याच्यामागून उतरायची आणि चालत यायची. उन्हाळ्यात! रेशनच्या रांगेत पहिली उभी राहायची आणि शेवटची परत यायची. दूधवाल्यानं पाणी घातलं तर ‘थँक्यू भैया’ म्हणून भांडं आत आणायची. मग मी जायची बाहेर. दूधवाल्याशी मी, कंडक्टरशी मी, वरच्या मजल्यावरच्या बाईनं आमच्या वाळवणावर पाणी टाकलं तर तिच्याशीही मीच. वीस वर्षं तिच्या वाटणीची भांडणं मी भांडले. ती मागे उभी राहून माझा पदर धरायची.

आता ते पायपुसण्याचं लिही. काय म्हणालीस? अगं पायपुसणं म्हणजे तुमचं डोअरमॅट. जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांची वेणी घालून मी करायची. दिल्लीची धुळीची आंधी तुला ठाऊक आहे, आणि दीड खोलीत आठ माणसांचे पाय. कोणी आत शिरलं की मी पदर खोचायची, डावा हात कमरेवर, उजव्या हातात असेल ते, झारा म्हण, लाटणं म्हण, आणि दारातच, ‘पाय पुसा, मुडद्यांनो! पायपुसणं काय पुजायला ठेवलंय?’ एकदा तर आजोबांचा साहेब आला होता सत्यनारायणाला. मी खाली मान घालून कामात, माणूस कोण ते पाहिलंच नाही, नुसती बुटांची धूळ दिसली. मी ओरडले. तो मद्रासी साहेब बिचारा, भाषा न कळताही पाय पुसून आत आला. आजोबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग ते दिवस आले, नव्या नव्या कंपन्यांचे. विनायकभावजींनी सरकारी नोकरी सोडली आणि परदेशी कंपनीत लागले, कपडे धुवायची मशीनं विकायला. आजोबा म्हणाले, वेडा आहे, पेन्शन नाही तिथे. दोन वर्षांत त्या वेड्यानं नोएडाला फ्लॅट घेतला.

वास्तूला गेलो आम्ही. बाहेर नुसती वाळू, विटा, कुत्री. पण आत! खाली पांढरी फरशी, तोंड पाहून घ्यावं अशी. दारावरची घंटा गाणं म्हणते. भिंतीतून गरम पाणी येतं. आणि माणसं चार, संडास दोन! आम्ही क्वार्टरमध्ये सकाळी बादली हातात घेऊन रांग लावायचो. मी सगळं हसत हसत पाहिलं, ‘छान हो, छान’ म्हटलं. घरी येऊन जेवले नाही. आजोबांनी विचारलं, तर म्हटलं पोट भरलंय. कशानं भरलं होतं ते माझं मला माहीत.

वर आणखी काय, निघताना ती मला म्हणते, ‘ताई, इथे भांडायला कोणीच नाही हो.’ मी म्हटलं, ‘बरं आहे की. आता माझी गरज नाही तुला.’ तिचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. लिही, लिही. बरं वाटलं असंच लिही.

त्याच्या पुढच्या वर्षी ते सिनेमाचं झालं. तिच्या वरच्या मजल्यावरच्या माणसाचा मेहुणा पिक्चर काढत होता. ‘तीन टकले एक तिजोरी’. हस नकोस, नाव तेच होतं. मारामारीही आणि विनोदही. पैसा नव्हता त्यांच्याकडे, म्हणून स्टुडिओ नाही, काही नाही; नोएडाच्या रिकाम्या रस्त्यावर पळायचं आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर उड्या मारायच्या. दोन दिवसांसाठी चंद्रप्रभाचा फ्लॅट मागितला. भावजी हो म्हणाले.

मी इकडे कणीक मळत होते. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या अलकनंदाबाईंकडे होता. त्या आल्या धावत. ‘अहो, तुमच्या जाऊबाईंचा फोन आहे. घरी शूटिंग चाललंय, तुम्हाला आत्ताच्या आत्ता बोलावलंय.’

माझ्या डोक्यात काय आलं सांगू? आलं की ही मला आपला तोरा दाखवायला बोलावतेय. नाहीतर त्या पंचवीस माणसांचा चहा करायला. मी अलकनंदाबाईंना म्हटलं, ‘सांगा, मला ताप आहे.’ त्या माझ्या कणकेच्या हातांकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, ‘तीन ताप आहे म्हणून सांगा.’

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर चंद्रप्रभा दारात. दोन बस बदलून आलेली, हातात डबा, पिशवीत डाळिंबं. मी पटकन शाल ओढून आडवी झाले. तिनं कपाळाला हात लावला. ‘अंग तर गार आहे, ताई.’

‘आत्ताच उतरला,’ मी म्हटलं आणि कण्हले.

मऊ भात भरवला तिनं मला. पाय चेपले. मी डोळे मिटून पडले होते. खरं शूटिंग तर ते झालं बघ, आणि त्यात मी होते. सिनेमाचं काही विचारलं नाही मी मुद्दाम. तिनंही एवढंच म्हटलं, ‘तुम्ही बऱ्या व्हा, मग सांगते.’ मी बरी झाल्याचं कळवलंच नाही.

दिवाळीनंतर पिक्चर लागला. भावजींनी आम्हा सगळ्यांची तिकिटं काढून पाठवली, दुपारचा शो. ती दोघं काही आली नाहीत. तिला म्हणे लाज वाटते. मला माहीत होतं फक्त तिचं घर दिसणार एवढंच. मी गेले ती पिक्चर पडावा म्हणून. देवाला तसं सांगूनच घरातून निघाले होते.

आणि पडतच होता गं! एकच गुंड दोनदा मेला, तर पब्लिक ओरडायला लागलं, ‘अरे, ये तो मर गया था!’ हिरोचा पाठलाग करणारी गाडी तीच, आणि पुढच्या सीनमध्ये लग्नाची वरातही त्याच गाडीतून. कोणी शेंगांची टरफलं फेकतंय, कोणी पैसे परत मागतंय. मध्यंतरानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. मी मस्त समोसा खात होते. मनात म्हटलं, दाखव आता फरशी.

मग तो सीन आला. हिरो तिजोरीची किल्ली घेऊन पळतोय, मागे तीन टकले गुंड, हातात सुरे. हिरो जिना चढून एका घरात शिरतो. तीच पांढरी फरशी. गुंड दारात येतात, आणि आतून येते आमची चंद्रप्रभा. पदर खोचलेला. डावा हात कमरेवर. उजव्या हातात झारा. आणि म्हणते काय, ‘पाय पुसा, मुडद्यांनो! पायपुसणं काय पुजायला ठेवलंय?’

मराठीत. तशीच्या तशी. शेवटी मी हनुवटी उडवते ना, तीसुद्धा.

ते तिघं टकले एकमेकांकडे बघतात, सुरे काखेत धरतात, आणि एकेक जण रांगेनं पाय पुसून आत जातो. मग पुन्हा सुरे काढतात आणि मारामारी सुरू!

देविका, ते टॉकीज फुटलं गं. शिट्ट्या काय, टाळ्या काय. बाहेर गेलेली माणसं पळत आत आली. ‘वन्स मोअर, वन्स मोअर.’ एकालाही मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ती रागावली म्हणून कोणाला सांगावं लागलं नाही. माझ्या शेजारी एक सरदारजी होते, ते गुडघ्यावर थापा मारत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं त्यांच्या. मला म्हणाले, ‘बहनजी, ये औरत तो कमाल है! कौन है ये?’

मी म्हटलं, ‘पता नहीं जी.’

आणि आमची ओळ? तुझे आजोबा, तुझा बाबा, तुझ्या दोन आत्या. पडद्यावर चंद्रप्रभा, आणि आमच्या ओळीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली. आजोबा हसून हसून खोकत होते. मला कळेना, हे सगळं टॉकीज तिला टाळ्या देतंय की मला हसतंय? तिला देत असेल तर ते माझं होतं. मला हसत असेल तर तिनंच मला चव्हाट्यावर उभं केलं होतं. दोन्हीकडून माझी आग झाली.

मग काय, कॉलनीतली पंजाबी पोरं जिन्यात ओरडायची, ‘पाय पुसा मुडद्यांनो!’ वाणी म्हणायचा, आपकी देवरानी तो हीरोइन बन गई. वीस वर्षं मी तेच ओरडले, तेव्हा कोणी टाळी दिली नाही.

संक्रांतीला मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबला जाते, लढाईत गेलेल्यांना फूल वाहायला. त्या वर्षी आम्हीही होतो, तीही होती. थंडी, धुकं, सगळे गंभीर होऊन त्या खांबापुढे उभे. मी मात्र तिला हाताला धरून बाजूला नेलं. लाखभर माणूस मेलं म्हणतात त्या जागी, आणि मी तिथे जावेशी भांडत होते.

‘माझं तोंड चोरलंस तू,’ मी म्हटलं.

ती घाबरली. ‘चोरलं नाही हो, ताई. मी आधी तुम्हालाच बोलावलं होतं.’

‘कशाला? चहा करायला?’

‘अहो नाही. त्यांना घरातली एक भांडखोर बाई हवी होती. मी म्हटलं, माझ्या ताईंसारखं सबंध दिल्लीत कोणी रागावत नाही. डायरेक्टर म्हणाले, बुलाओ. सगळी खोळंबून बसली होती. मग अलकनंदाबाईंनी सांगितलं, तुम्हाला ताप आहे.’

मी त्या खांबाकडे बघायला लागले.

‘मग म्हणाले, आपही कर दो. मला रागावता येतं का कधी? पाच वेळा केलं. टकले हसायला लागले. डायरेक्टर म्हणाले, किसी पे तो गुस्सा आता होगा? मला कोणाचाच येईना. मग मी डोळे मिटले, आणि तुम्ही दारात उभ्या आहात असं समजले.’

पिशवीतून तिनं एक साडी काढली. सिनेमावाल्यांनी दिलेली, चॉकलेटी, खोट्या जरीची, अजून घडीही मोडलेली नव्हती. ‘ही तुमची आहे. माझी नाही.’

मी म्हटलं, ‘मला नको तुझं उतरलेलं.’ घडी न मोडलेल्या साडीला मी उतरलेली म्हटलं.

तापाचं तिथेच सांगायचं होतं मला. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. बसमध्ये चढताना सगळ्यांचे पाय चिखलाचे, आणि झालं, मंडळाचे लोक ओरडायला लागले, ‘चंद्रप्रभाबाई, एकदा होऊन जाऊ दे!’ ही लाजून लाल. माझ्याकडे बोट केलं तिनं. म्हणाली, ‘ओरिजिनल त्या आहेत. त्यांना म्हणायला सांगा.’ मोठ्यानं म्हणाली! जिनं उभ्या जन्मात ‘रोको’ म्हटलं नाही ती.

चाळीस डोकी माझ्याकडे वळली. टाळ्यासुद्धा सुरू झाल्या. एवढंच तर हवं होतं ना मला? आणि मी म्हटलं, ‘माझा घसा बसलाय.’

साडी ती माझ्या सीटवर ठेवून गेली. तीस वर्षं ट्रंकेत आहे, डांबराच्या गोळ्या घालून. तो पिक्चर अजून कधीतरी दुपारी टीव्हीवर लागतो. मी चॅनल बदलत नाही. आवाज तेवढा बंद करते.

आता पुढचं सलोनीला आहे, तसंच्या तसं लिही. सलोनी, बाळ, ही साडी देविकाबरोबर पाठवतेय. तुझ्या आजीला दे, म्हणावं घडी तूच मोड. आणि माझं हे पान समारंभात सगळ्यांपुढे वाचायच्या आधी तिच्याजवळ जा. उजव्या कानाशी बस, डाव्यानं तिला ऐकू येत नाही. आणि सांग, की त्या दिवशी ताईंना ताप नव्हता. अर्धासुद्धा नव्हता. मऊ भात खाल्ला तेव्हाही नव्हता. ती हसली तर हसू दे. रागावली तर मात्र मला लगेच फोन कर, मला ऐकायचंय.