मूठभर तळ

समुद्राच्या तळाशी जाऊन आलेला माणूस पहिल्यासारखा राहत नाही, असं लक्षद्वीपच्या किनाऱ्यावर निरोप देताना आमच्या प्रशिक्षकानं सांगितलं आणि प्रत्येकाच्या हातात शिक्का मारलेलं प्रमाणपत्र ठेवलं. मी जळगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा पहिल्यासारखाच होतो. कानात थोडं पाणी होतं, एवढंच.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी धुळ्याला सरकारी नोकरीत होतो आणि सरकारी खर्चानं लांब कुठेतरी जाऊन यायची सोय होती. सहकारी काश्मीर नाहीतर कन्याकुमारी गाठत. मी समुद्रात बुडी मारायला गेलो, त्याला कारण आमची शेतातली विहीर.

एरंडोलजवळच्या आमच्या गावात पोहता येतं की नाही, हे तरंगण्यावर ठरत नसे. बुडी मारायची, तळातला गाळ मुठीत घेऊन वर यायचं आणि काठावर उभ्या वडिलांसमोर, म्हणजे आबांसमोर, मूठ उघडायची. भावांच्या मुठीतून काळा गाळ ओघळायचा. माझ्या मुठीतून पाणी. "तळ लागना का?" हा आबांचा प्रश्न मला चाळिशीतही अधूनमधून ऐकू यायचा.

समुद्रात तळ लागला. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, खालपर्यंत पोचलेलं ऊन. एक चपटा मासा तलाठ्यानं अर्जदाराकडे पाहावं तसा माझ्याकडे पाहत होता. मी मूठभर वाळू उचलली आणि सांडू नये म्हणून मूठ छातीशी घट्ट धरली. पाण्याखालच्या खुणांमध्ये छातीशी मूठ म्हणजे 'हवा संपत आली'. आदल्याच दिवशी आम्हाला ते शिकवलं होतं. प्रशिक्षकानं झडप घातली, आपली जादा नळी माझ्या तोंडात दिली आणि दंडाला धरून मला वर आणलं.

"क्या हुआ?" होडीत त्यानं विचारलं.

मी मूठ उघडली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यात काहीतरी होतं.

वाळू मी कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत भरली. परतीच्या गाडीत माझ्याबरोबर बुडी शिकलेले बाकीचे प्रवाळांच्या रंगांविषयी बोलत होते; मी मधूनच डबी हलवून पाहत होतो. खिडकीतून कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली मोकळी रानं दिसू लागली आणि मला फार बरं वाटलं.

घरी आबांना आधी प्रमाणपत्र दिलं. त्यांनी त्या कागदानं वारा घ्यायला सुरुवात केली.

"कागद कोनी बी देस. तळ लागना का?"

मी त्यांच्या तळहातावर वाळू ओतली. त्यांनी ती चिमटीत चोळली.

"हाई तं वाळू शे. गाळ कोठे शे?"

"समुद्रना तळले वाळूच ऱ्हास, आबा."

"बठ्ठा समुद्रमा?" सगळ्या समुद्रात वाळूच, हे त्यांना पटेना. मग पुन्हा प्रमाणपत्रानं वारा घेत, "दम कितला धरा?"

दम धरायचा नसतो, उलट श्वास चालूच ठेवायचा असतो, पाठीवर टाकी असते, हे मी समजावून सांगितलं. आबांचा वारा घेणारा हात थांबला.

"हवा संगे ली गयथा? मंग तं मी बैल बी उतारी दिसू."

टाकी बांधून तळाला उतरलेला बैल डोळ्यांसमोर येऊन भाऊ हसले, वहिनी हसल्या, मीही हसलो. आबांनी मात्र वाळूचा कण न् कण डबीत परत भरला आणि डबी देवळीत दिव्याशेजारी ठेवली.

"सकायले हीरवर जाय," ते म्हणाले. "तठला गाळ आन."

सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून मी विहिरीवर गेलो. उन्हाळ्यामुळे आबांनीच विहीर उपसायचं काम काढलेलं होतं. तळातला सगळा गाळ काठावर ढीग करून ठेवला होता, आणि त्यावर शेजाऱ्यांची शेळी बसली होती.