ढकलणारा खांदा

फलटणला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर स्नूकरचा एक क्लब आहे. तिथे मी तीन वर्षं खेळत होतो आणि तीन वर्षं हरत होतो. दोष टेबलाचा, असं माझं ठाम मत होतं. कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवतो. फटका कसा बसतो हे मला कुणी सांगावं?

सांगितलं ते एका निवृत्त हवालदाराने. लष्करातल्या ऑफिसर मेसमध्ये टेबल झाडता झाडता ते खेळ शिकले होते. क्लबात सगळे त्यांना तात्या म्हणत. माझे चार शॉट बघून ते म्हणाले, "सर, तुमी मारत न्हाई, ढकलताय. बंद पडलेली जीप ढकलावी तसं."

मी त्यांना बल आणि संवेग यांतला फरक समजावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग माझ्याच मोबाइलवर माझा खेळ टिपून मला दाखवला. पडद्यावरचा माणूस वाकायचा ऐटीत. पण फटक्याच्या क्षणी त्याचा खांदा उसळायचा, कोपर खाली पडायचं आणि मान वर यायची, पाठीवर कुणी गार पाणी ओतल्यागत. तो मीच होतो.

"खांदा खिळ्याला टांगल्यासारखा ठेवा. कोपराखालचा हात तेवढा हलू द्या," तात्या म्हणाले. त्यांनी टेबलावर एक रिकामी बाटली आडवी ठेवली. स्टिकचं टोक काचेला न लागता बाटलीच्या तोंडातून आत जायचं, बाहेर यायचं. महिनाभर एवढंच. शेजारच्या टेबलावर माझेच विद्यार्थी खेळत आणि जाताना मोठ्या आदराने विचारत, "सर, बाटली संपली का?"

महिन्यानंतर माझा तीन फ्रेमचा, म्हणजे तीन डावांचा सामना एका बागायतदाराशी लागला. स्टिक परदेशी, हातमोजा काळा, तोंड अखंड चालू. "सर, आज टेबल बरं हाय न्हवं?" त्याने सुरुवातीलाच विचारलं.

पहिली फ्रेम मी जिंकली. शेवटचा काळा बॉल लांबून सरळ पॉकेटमध्ये गेला आणि खांदा जागचा हलला नाही. मला इतका आनंद झाला, की कोण कोण बघतंय हे पाहायला पुढे प्रत्येक फटक्याला मी मान वर काढली. मानेमागून खांदाही आला. उरलेल्या दोन्ही फ्रेम गेल्या.

"खांदा ऐकाय लागलाय, सर," तात्या म्हणाले. "तुमी कवा ऐकणार?"

मी त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि स्टिक पुसून ठेवली.