ग्रामकन्या योजनेची पहिली मुलगी

यज्ञेश्वरपंतांशी बोलायचं म्हणजे नगरातले भलेभले जिभेला लगाम घालून बोलत. कुणी म्हणालं, "पंत, काल आलो होतो, तुम्ही भेटला नाही," की पंत लगेच, "भेटला नाहीत म्हणा." समोर टांगेवाला असो नाहीतर मामलेदार, दुरुस्ती ठरलेली. ऐकणाऱ्याचा काय पारा चढायचा तो चढो.

माणूस मात्र मनाचा लोण्यासारखा. दिल्ली दरवाजाजवळ काही हौशी मंडळींनी मुलींसाठी खासगी विद्यापीठ काढलं होतं, ज्ञानवर्धिनी महिला विद्यापीठ. नाव भारदस्त, इमारत भाड्याची, आणि पदवीला सरकार विचारीना. पंत तिथले कुलसचिव. नियम करायचे पंतांनी, पाळून घ्यायचे पंतांनी, आणि कुणी मोडला की जेवण जायचं नाही तेही पंतांनाच. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. घर म्हणावं ते हेच.

बेचाळीसची धामधूम ओसरली आणि पंतांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. विद्यापीठात साऱ्या मुली वकील-मास्तरांच्या. खेड्यातली औषधालासुद्धा नाही. तेव्हा पंतांनी ग्रामकन्या योजना मांडली. खेड्यातली मराठी सातवी झालेली मुलगी आणायची, तिचं राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. पदवी घेऊन तिनं आपल्याच तालुक्यात जाऊन मुलींना शिकवायचं. नियामक मंडळाचे अध्यक्ष हेमचंद्र शेठ मिशीत हसले.

"पंत, शेतकरी आपली वयात आलेली लेक तुमच्या हवाली करील होय?"

"एक आणून दाखवतो," पंत म्हणाले. "ती पदवी घेऊन बाहेर पडली तर योजना चालू ठेवा. नाही पडली तर खुशाल बंद करा."

बोलून तर बसले. मग उन्हातान्हात गावं पालथी घातली. लोक चहा पाजायचे आणि मुलीचं नाव काढलं की गुरांकडे बघायला उठायचे. शेवटी कर्जतकडच्या एका गावात सहादेव नावाचा शेतकरी कबूल झाला. तो कसला कबूल होतोय! त्याची बायको गोजरबाई हटून बसली म्हणून झाला. तर अशी त्यांची लेक विजयमाला नगरात आली.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मला हितं करमत न्हाई." पंत म्हणाले, "इथं. नाही." पोर फुरंगटून बसली. पण हुशार म्हणजे किती! वर्षभरात तिची वाणी अशी स्वच्छ झाली की एकदा भर वर्गात म्हणाली, "सर, आज तुमचीच एक चूक झाली." पंतांनी आठवून पाहिलं, आणि खरंच झाली होती. तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पोटच्या लेकीला काय जीव लावावा, तसा जीव लावला होता त्यांनी तिला.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात गोजरबाई तापानं गेली. विजयमाला दिवस करून परत आली, मुकाट्यानं अभ्यासाला लागली. आणि पदवीचं वर्ष तोंडावर आलेलं असताना, फाल्गुनात, सहादेव कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला.

"हिच्या चुलतीला बरं न्हाई. आट दिस पाठवा पोरीला."

आता पंतांनी स्वतः केलेला एक नियम होता आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. पालक न्यायला आले तरी मुलीला समोर बोलवायचं आणि तिच्या तोंडून विचारायचं. ती नको म्हणाली तर साक्षात बाप असला तरी पाठवायची नाही. विजयमाला आली. सहादेव तिच्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

"तुझ्या मर्जीनं निघालीस ना गं?" पंतांनी विचारलं.

तिनं वाकून पंतांच्या पायाला हात लावला, उठली, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "जाते मी, सर."

पंतांच्या कपाळाला आठी पडली. "जाते म्हणू नये. येते म्हणावं."

तिनं एकवार बापाकडे बघितलं.

"म्हण बघू."

"येते," ती म्हणाली.

"शाब्बास," पंत म्हणाले, आणि रजा मंजूर झाली.

आठवडा गेला, महिना गेला. पंत वसतिगृहाच्या बाईंना तिची खोली झाडून ठेवायला सांगायचे. मग कर्जतचा एक शिक्षक कामासाठी आला होता, त्याच्याकडून कळलं की पोरीचं लग्न झालं. आई गेलेली, तेव्हा लग्न वर्षाच्या आत उरकायचं नाहीतर तीन वर्षं थांबायचं. ही रीत पंतांना ठाऊक नव्हती थोडीच? पण त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. अशा मोटारीनं पंत तिच्या सासरी पोचले. घर खातंपितं होतं, माणसं वाईट नव्हती. सासूनं घोंगडी अंथरली. विजयमालानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. डोक्यावरून पदर, हातभर चुडा. सासू चहाचं बघायला आत गेली, तेवढ्यात पंत दबल्या आवाजात म्हणाले,

"मी विचारलं होतं तुला. नियमच केला होता त्यासाठी. एक शब्द बोलायचा होतास गं."

"बोलले हुते की," ती म्हणाली. पंतांनी दोन वर्षं घासूनपुसून घेतलेलं बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं. "बाप शेजारी हुता, न्हाई कसं म्हनू? म्हनून जाते म्हनले. माजी आजीसुदिक कदी जाते म्हनू द्यायची न्हाई. मला काय ठावं नव्हतं व्हय? वाटलं, सरास्नी कळंल. समद्यांचं बोलनं बारीक ऐकत्यात. तुमी तर मला परत म्हनायला लावलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं पंतांना वाटलं. एवढं चुकीचं मराठी ऐकून आयुष्यात पहिल्यांदा त्यातलं अक्षर न् अक्षर त्यांना खरं वाटलं. चहा आला, तो तसाच निवून गेला.

पुढच्या बैठकीत मंडळानं ग्रामकन्या योजना बंद केली. पंतांनी हूं की चूं केलं नाही. शब्द त्यांचाच होता. फक्त शेवटी उठून म्हणाले, "नियमात एक बदल करायचा आहे. मुलीला विचारायचं ते एकटीला. पालकांना दाराबाहेर बसवून. ती बोलेल तितका वेळ थांबायचं, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा."

हेमचंद्र शेठ या वेळी हसले नाहीत. हळूच म्हणाले, "पंत, शहरातल्या मुलींना काय गरज याची? योजना तर आपण बंद केली. मग हा नियम कुणासाठी?"

"विजयमालासाठी," पंत म्हणाले.

एवढं म्हणून ते खाली बसले, आणि भर बैठकीत, सगळ्यांच्या देखत, त्यांना रडू कोसळलं. शेठजींनी नियम मंजूर आहे असं सांगितलं. कुणीच हरकत घेतली नाही.