जागेवर न गेलेला पंच

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर अविराज धायगुडेची मान खाली पडते, सावरते, पुन्हा पडते. वैशाखातली दुपार. आतून पट्टेवाल्याचे पुकारे येतात, पण पाण्याखालून यावेत तसे. आपला नंबर यायला अजून दोन खटले आहेत, एवढं त्याला कळतं. मग बोटांना बाकावर कर्कटकाने कोरलेली नावं लागतात आणि हा शाळेचा बाक असतो.

समोर तारळेकर बाई उभ्या आहेत. चौदा महिन्यांपूर्वी, सकाळी शाळेत चालत जाताना, पेट्रोलपंपवाल्या रणवऱ्यांच्या मुलाने ज्यांना गाडीने शाळेच्या फाटकासमोर उडवलं, त्याच. अविराजला त्यांनी तीन वर्षं विज्ञान शिकवलं होतं.

"उभा राहा, धायगुडे."

तो उभा राहतो.

"नोकरी कुठे करतोस?"

"सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत, बाई."

"पिशवी न उघडता मातीचा अहवाल देतोस?"

"नाही, बाई."

"मग माझा कसा दिलास?"

वर्गात कुणीतरी फिस्सकन हसतं. अविराजचे कान तापतात.

"मी नाही दिला. पोलिसांना पंच म्हणून सरकारी माणूस लागतो, साहेबांनी माझं नाव कळवलं. हवालदार गायकवाड पंचनामा लिहूनच घेऊन आले ऑफिसात. मी फक्त सही केली."

"फक्त!" बाई खडू फळ्यावर आपटतात. त्याचे दोन तुकडे होतात. "जागा पाहिलीस?"

"सगळे असंच करतात, बाई. टेबलावर कागद येतो, चहा येतो, आपण सही करतो."

"सगळ्यांना मी शिकवलं नव्हतं."

फळ्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात पंचनामा उमटलेला आहे. *चाके घसरल्याच्या खुणा अंदाजे दोन मीटर. पादचारी महिला अचानक आडवी आल्याचे दिसते.*

"अचानक आडवी?" बाईंचा आवाज चढतो. "एकतीस वर्षं तोच रस्ता ओलांडला मी. उजवीकडे बघा, डावीकडे बघा, परत उजवीकडे बघा. तुम्हा कार्ट्यांच्या रांगा धरून नेल्या. आणि मी आडवी येणार?"

"मला माहीत आहे, बाई."

"काय माहीत आहे?"

त्याला माहीत आहे. सही केली त्याच दिवशी, संध्याकाळी घरी जाताना तो शाळेपाशी उतरला होता. डांबरावर दोन काळे पट्टे होते. त्याने शेजारून चालत पावलं मोजली. अडतीस. स्वतःचं पाऊल किती सेंटिमीटरचं आहे हे त्याला ठाऊक असतं, असल्या गोष्टी तो ठाऊक करून घेतो. घरी येऊन त्याने गणितही केलं. ताशी सत्तरच्या आसपास. फाटकासमोरची पाटी तिसाची. तो कागद त्याने फाडला आणि रणवऱ्याच्या पोराला आईबहिणीवरून शिव्या देत रात्रभर गच्चीवर येरझाऱ्या घातल्या.

"दोन मीटर म्हणजे गाडी हळू होती," बाई धडा सांगावा तसं सांगतात. "गाडी हळू, बाई आडवी. म्हणजे चूक बाईची. बेदरकार गाडी चालवून जीव घेतला हे सिद्ध झालं तर पाच वर्षांपर्यंत आत जाईल तो. तुझा कागद राहिला, तर संध्याकाळी घरी जेवायला."

"मला राग नाही आला असं वाटतं का तुम्हाला?"

"आला होता ना? मग ठेवलास कुठे?"

"मी आज खरं बोललो तर माझी नोकरी जाईल! सरकारी माणूस, खोट्या पंचनाम्यावर सही! त्याच्याआधी मलाच धरतील."

"धरू देत."

"तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्ही मेलात!"

बाई त्याच्याकडे बघतात, चष्मा पुसतात.

"हं," त्या म्हणतात. "तुझ्या पंचनाम्यात तेवढं एक बरोबर होतं."

फरशी मऊ लागते. खाली डांबर आहे, तापलेलं. फळा नाही, फाटक आहे. बाई वर्गातली लाकडी मीटरपट्टी त्याच्या हातात देतात.

"वाक."

तो गुडघे टेकतो. पट्टी ठेवतो, टोकाला खडूची रेघ, पुढे सरकतो. एक. दोन. तळहाताला चटके बसतात.

"थांबू, बाई?"

"गाडी थांबली होती?"

तीन. दहा. अठरा. काळा पट्टा वळत नाही, तुटत नाही. त्याला रडू येतं आणि त्याचाच संताप येतो. तो पट्टी आपटत पुढे जातो. शेवटची रेघ एका चपलेशी येते. दुसरी चप्पल कुठे दिसत नाही.

"एकोणतीस."

"एकोणतीस काय? आंबे?"

"मीटर, बाई."

"कुणी मोजले?"

"मी."

"मोठ्याने."

"ओ धायगुडे! पुकारा झाला की!" हवालदार गायकवाड त्याचा खांदा हलवतायत. "झोपताय काय? चला. लिहिलंय तेवढंच बोलायचं, दोन मिनिटांत मोकळे. चहा माझ्याकडे."

अविराज उठतो. गायकवाड खाली बघतात. "अहो, पँटीला काय लावून घेतलंत?"

दोन्ही गुडघ्यांवर काळे डाग आहेत. तळहातही काळे. तो रुमालाने पुसतो, मग थुंकी लावून पुसतो. निघत नाही. वास घेतो तर डांबराचा.

आत आरोपीच्या बाकावर रणवऱ्याचा पोरगा मोबाइल मांडीआड धरून बसलाय. अविराज पिंजऱ्यात चढतो. सरकारी वकील कागद पुढे करतात.

"पंचनाम्यावरची ही सही तुमची?"

"सही माझी आहे."

"आणि मजकूर बरोबर आहे?"

दारात गायकवाड मान डोलावतायत. अविराज पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरतो. पिवळ्या लाकडावर दहा बोटं काळी उमटतात.

"नाही," तो मोठ्याने म्हणतो. "सही केली तेव्हा मी जागेवर गेलोच नव्हतो. त्याच संध्याकाळी गेलो. लिहून घ्या, किती मोजलं ते सांगतो."