पॉइंट कुकमधली बिनआवाजाची दिवाळी

शनिवारी आमच्याकडे पॉइंट कुकला दिवाळीचं गेट-टुगेदर होतं. वीस-पंचवीस माणसं, बॅकयार्डमध्ये कराओके आणि संदीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मित्राकडून उचलून आणलेला भलामोठा स्पीकर… तो स्पीकर काही वाजला नाही. पण अशी दिवाळी आमच्या घरात आजवर झाली नव्हती.

आधी आईबद्दल सांगते. बाबा गेल्यावर मे महिन्यात मी तिला सांगलीहून इथे घेऊन आले. तेव्हापासून बाई नुसती खिडकीत बसून… काय हवंय विचारलं की 'काही नको', बरं वाटतंय का विचारलं की 'बरंच आहे की'. आणि दोन दिवस गेले की हमखास, 'दिवाळी झाली की माझं तिकीट काढ.'

सांगलीत आता तिचं करायला कोणी नाही, जिना चढताना गुडघे बोलतात. तिकिटाचा विषय निघाला की मी तो टाळायचे. पण इथे तिने राहावं तरी कशासाठी, हे मलाही सांगता येत नव्हतं. आम्ही दोघं दिवसभर कामात, लेक सिडनीला युनिव्हर्सिटीत… आई बिचारी बोलणार कोणाशी?

तर शनिवारी दुपारी मी रांगोळी काढत होते. शेजारची लिनची आई कुंपणापाशी आली. व्हिएतनामी कुटुंब आहे, अतिशय सज्जन. लिन इयर ट्वेल्व्हला, सोमवारी तिचा मॅथ्सचा पेपर… पार्टी साधारण कधी संपेल, एवढंच ती फार संकोचून विचारत होती. मी म्हटलं, नो वरीज, नऊला सगळं बंद!

आईने विचारलं, काय म्हणत होती गं ती? मी सांगितलं. आणि सहा महिने खिडकीत बसलेली माझी आई ताडकन उठली.

"पोरीची बारावी आणि तुम्ही गाणी लावणार? लाज वाटत नाही? संदीप, आधी ते खोकं गाडीत ठेवा!"

माझा पाराच चढला. म्हटलं, आई, अगं ही सांगली नाही! पण हे बोलले आणि मलाच आमची गल्ली आठवली…

आमचं घर इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागच्या गल्लीत. प्रत्येक घरात वरच्या खोल्यांत कॉट बेसिसवर राहणारी मुलं-मुली. कुणी कोकणातलं, कुणी सोलापूरकडचं, सबमिशनच्या काळात सगळ्यांचेच चेहरे सारखे दिसायचे. परीक्षा सुरू झाल्या की अख्खी गल्ली पाय न वाजवता चालायची. रेडिओ कानाला लावून ऐकायचा, आमचं क्रिकेट थेट पलीकडच्या मैदानावर. वरातीचा बँडसुद्धा कोपऱ्यावर थांबायचा, आणि नवरदेव घोड्यावरून मुकाट्याने आमच्या गल्लीतून पुढे! कोणी पाटी लावली नव्हती, कोणी सांगितलंही नव्हतं. परीक्षा एकाच्या घरची नसायची, गल्लीची असायची.

स्पीकर गाडीत गेला. संदीप आठवडाभर गाण्याची प्रॅक्टिस करत होता, त्यामुळे त्यात माझंही थोडं भलं झालं म्हणा! आई दारात खुर्ची टाकून बसली. येणाऱ्या प्रत्येकाला एकच सूचना, 'हळू बोला, शेजारी परीक्षा आहे.'

आणि मंडळींनी ऐकलं हो! वीस-पंचवीस मराठी माणसं कुजबुजत फराळ करतायत, हे दृश्य तुम्ही कधी पाहिलंय? चकली मोडली तरी सगळे दचकायचे. हसू आवरताना एकाच्या नाकात चिवडा गेला. मग हळू आवाजात जो तो आपापल्या गावातल्या परीक्षा सांगू लागला, आणि कराओकेची तयारी करणारा संदीपच सगळ्यात जास्त रमला…

आठच्या सुमाराला बेल वाजली. दारात लिनची आई, हातात आंब्याची ताटली आणि डोळ्यात पाणी. आवाज नाही म्हणजे आम्ही चिडून पार्टीच रद्द केली, असं वाटलं होतं तिला! सॉरी, सॉरी करत होती. माझं सांगून होईपर्यंत आईने तिचा हात धरून आत आणलं, पुढ्यात करंज्या ठेवल्या. "पोरगी अभ्यासाला बसलीय ना? मग झालं तर." हे सगळं मराठीत. तिला कसं कळलं देव जाणे, पण ती आईशेजारी तासभर बसली.

सोमवारी मी घरूनच काम करत होते. दुपारी लिन परत येताना दिसली. हाउ डिड यू गो विचारावं म्हणून मी दार उघडलं, तर आई लिंबू सरबताचा ग्लास घेऊन आधीच ड्राइव्हवेवर उभी! माझ्याकडे असं काही बघितलं की मी दार लोटून खिडकीशी आले. खरंच की… शेवटचा पेपर होईपर्यंत 'कसा गेला' विचारायचं नाही, हाही आमच्या गल्लीचा नियम होता. नुसतं गार काहीतरी हातात द्यायचं.

लिन सरबत प्यायली आणि आमच्या पायरीवर बसून भडाभडा बोलायला लागली. अस्खलित इंग्लिश, बुलेट ट्रेनच्या वेगाने. आई शेजारी बसून 'हं… हं…' करत होती, पाठीवरून हात फिरवत होती. मी खिडकीतून बघत होते आणि मला रडू आवरेना. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला माझी आई दिसली हो… सांगलीच्या गल्लीतली, सगळ्यांची काकू.

रात्री जेवताना मीच मन घट्ट करून विषय काढला. आई, दिवाळी झाली, तिकिटाचं काय करू?

आईने ताटातून मानसुद्धा वर केली नाही. "पोरीचे पेपर चालू आहेत अजून. ते होऊ देत, मग बघू."

लिनची धाकटी बहीण यंदा इयर सेव्हनला आहे. ते आईच्या कानावर घालून ठेवलंय मी!